न धुतलेला स्फटिक

अठरा सप्टेंबर. चार लाख एकवीस हजार सहाशे रुपये.

एवढ्या रकमेची भट्टीबाईंची मागणी त्या दिवशी नामंजूर होऊन परत आली. रक्कम इरिडियम ऑक्साइडसाठी होती. काळी भुकटी, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत सहज मावेल एवढी, पण भाव सोन्याच्या पंगतीला बसणारा. अनुदान समितीच्या अध्यक्षांनी खाली स्वतःच्या हाताने शेरा मारला होता: 'नव्या स्फटिकांची गरज दिसत नाही. जुन्या साठ्यावर काम भागवावे.'

अध्यक्ष म्हणजे बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान.

बाईंनी शेरा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि हसल्या. शेजारच्या टेबलावर चहा पीत बसलेले हेलियमसाहेब दचकले. बाई हसल्या की कुठेतरी काहीतरी फुटतं, असा त्यांचा अनुभव होता.

"नामंजूर झालं ना? मग हसताय कशाला?"

"आज्ञा आली आहे. जुन्या साठ्यावर भागवा म्हणतात. भागवते."

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर डाव्या हाताला बाईंची खोली होती. तीन भट्ट्या, एक तराजू, एक पत्र्याचं कपाट आणि भिंतीला टेकवलेली लोखंडी खुर्ची. बाईंची पदवी डॉक्टरची, हुद्दा वरिष्ठ शास्त्रज्ञाचा, पण साऱ्या संस्थेत त्या भट्टीबाई. प्लॅटिनमच्या वाटीत भुकट्या मिसळायच्या, भट्टी तापवून त्यांचा रस करायचा आणि मग इतक्या सावकाश थंड करायचा की वाट पाहणाऱ्याचा जीव जावा. शेवटी वाटीच्या तळाशी मसुराच्या डाळीएवढे काळे चकचकीत स्फटिक सापडत. सापडले तर. स्वभावाने बाई फटकळ. संचालकांनी एकदा विचारलं होतं, "हे जरा लवकर नाही का होणार?" बाई म्हणाल्या होत्या, "होईल की. तुम्ही बाहेर उभे राहिलात तर."

हेलियमसाहेबांची खोली समोरच. तिथे चुंबकत्व मोजायचं यंत्र होतं. त्याला थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागे आणि ते नेहमी संपत आलेलं असे, म्हणून साहेब ते पगारासारखं पुरवून पुरवून वापरत. लग्नाच्या जेवणातही त्यांनी हेलियमचा भाव काढला होता. नाव तिथूनच पडलं.

बाईंच्या स्फटिकांचं वैशिष्ट्य काय, असं कोणी पाहुण्याने विचारलं, तर बाई घरातलं उदाहरण देत. "इलेक्ट्रॉन दोन कामं करतो. अणूच्या गाभ्याभोवती फिरतो, आणि स्वतःभोवती फिरल्यासारखा वागतो. दुसऱ्या कामामुळे तो इवलासा चुंबक बनतो. हलक्या अणूत ही दोन कामं म्हणजे वेगळी चूल मांडलेल्या दोन जावा. एकमेकींचं तोंड बघत नाहीत. इरिडियम जड. त्यात दोघींची चूल एकच. एकीने पळी फिरवली की दुसरीचं पातेलं हललंच. स्फटिकात इरिडियमभोवती ऑक्सिजनचे पिंजरे असतात, ते थोडे वळलेले. एक या अंगाला, शेजारचा त्या अंगाला. मग चुंबकही पिंजऱ्याबरोबर वळतात. शेजारी शेजारी उलट तोंडं करून बसतात खरे, पण पुरते उलट नाही, जरा तिरके. त्या तिरकेपणातून चिमूटभर चुंबकत्व शिल्लक राहतं."

"कायम?"

"छे. गारठ्यातच. शून्याखाली तेहतीस अंशांच्या आसपास गेलात की दिसतं. त्याच्या वर या सगळ्यांची शिस्त मोडते."

पुस्तकात असं होतं, बाईंच्या मोजणीत असं होतं. बाईंच्या बहिणीच्या यजमानांच्या मोजणीत मात्र नव्हतं. त्यांच्या शोधनिबंधाने अकरा वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं की उत्तम प्रतीच्या स्फटिकात हे चुंबकत्व नेहमीच्या खोलीच्या उष्णतेतही टिकतं. त्या एका वाक्यावर ते प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, समित्यांवर गेले. घरात बाईंची आई त्यांना कौतुकाने जावईबापू म्हणायची. आई गेल्यावर बाईंनी तो शब्द चालू ठेवला. कौतुक तेवढं काढून टाकलं.

त्या वेळी जावईबापू याच संस्थेत, वरच्या मजल्यावर होते. बाईंच्या भट्टीतून तेव्हा आजवरचे सर्वांत मोठे स्फटिक निघाले होते. अभ्रकासारखे ते थरांचे असतात. पोलादी पात्याने थर सोडवला की आत आरशासारखा ताजा पृष्ठभाग मिळतो. पण पात्याचा कण न कण लोखंडाचा. डोळ्यांना न दिसणारी धूळ स्फटिकाला चिकटते, आणि लोखंड काही गारठ्याची वाट पाहत नाही, ते केव्हाही चुंबकच. म्हणून बाई थर सोडवल्यावर प्रत्येक स्फटिक पातळ आम्लात बुडवून धूत. न धुतलेले निळ्या झाकणाच्या डबीत, धुतलेले पांढऱ्या झाकणाच्या. डब्यांवर काही लिहिलेलं नसे. कपाटाला हात लावणाऱ्या बाई एकट्याच, मग लिहायचं कुणासाठी?

त्या दिवशी सगळे थर सोडवून झाले आणि फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. कमरेचं हाड मोडलं होतं. बाईंनी निळी डबी तशीच कपाटात ठेवली आणि धावल्या.

इस्पितळाच्या व्हरांड्यात जावईबापू त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले होते, "ताई, तुम्ही आईंजवळ थांबा. लॅबचं मी बघतो. किल्ली द्या फक्त."

बाईंनी किल्ली दिली.

आई घरी परत आलीच नाही. बाई कामावर रुजू झाल्या तेव्हा निळ्या डबीत एकच स्फटिक उरला होता, कोपऱ्यात चिकटलेला. पुढे निबंध छापून आला. पहिलं नाव जावईबापूंचं. शेवटी आभारात, जिथे फोटोकॉपी करून देणाऱ्याचेही आभार असतात, तिथे बाईंचं नाव 'उपयुक्त चर्चेबद्दल'. आणि आत, कार्यपद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ: 'सर्व स्फटिक आम्लात धुऊन घेतले होते.'

ती ओळ वाचून बाईंच्या अंगावर काटा आला. बाईंचे स्फटिक धुतलेलेच असतात, हे साऱ्या संस्थेला माहीत होतं. जावईबापूंनी ते गृहीत धरलं होतं. चोरी करताना मालकिणीच्या टापटिपीवर विश्वास ठेवला होता.

त्याच रविवारी बाई धाकटीच्या घरी गेल्या. जेवणाच्या टेबलापाशी, धाकटीसमोर, त्यांनी विचारलं, "माझ्या स्फटिकांवरचं माझं नाव कुठे गेलं?"

जावईबापूंनी पाण्याचा घोट घेतला. "ताई, स्फटिक भट्टी बनवते. तुम्ही खटका दाबलात. खटका दाबणाऱ्याचं नाव घालायचं तर वीजमंडळाचंही घालावं लागेल." आणि स्वतःच्या विनोदावर ते मनमुराद हसले. धाकटीही हसली. तिला त्यातलं कळत नव्हतं. नवरा हसला की ती हसायची.

ते लोखंड आहे, जावईबापू. हे वाक्य बाईंच्या जिभेवर आलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर निबंध मागे घ्यावा लागला असता, थोडी नाचक्की झाली असती, वर्षभरात लोक विसरले असते. बाईंनी वाक्य गिळलं आणि भाजी पुढे ओढली.

"मीठ कमी आहे ग," त्या धाकटीला म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी काहीच केलं नाही. या काहीच न करण्यात त्यांनी जेवढं मन घातलं तेवढं भट्टीतसुद्धा घातलं नसेल. जावईबापूंचा सत्कार असला की बाई पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवायच्या त्याही हात लाल होईपर्यंत. कुठल्या दूरच्या प्रयोगशाळेला ते चुंबकत्व दिसलं की जावईबापू पेढे वाटल्यासारखी बातमी वाटत. बाईंना माहीत असे की तिथेही कोणीतरी पोलादी पातं घेऊन बसलंय. ज्यांना दिसत नसे त्यांना जावईबापू कळवत, "तुमचे स्फटिक बरोबर नाहीत." गणितवाल्यांनी तर या लोखंडी धुळीसाठी सुंदर सुंदर सिद्धांत रचले. प्रत्येक नव्या निबंधाला बाई मनात म्हणत, अजून थोडं वर. अजून एक मजला चढू दे.

आता बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यानंतर कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हाती, निळी डबी कचऱ्यात, आणि जावईबापू आयुष्यभर वरच. त्यात हा शेरा आला. काही दिवसांनी बाईंनी फोनवर कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "नात्यातलं माणूस म्हटल्यावर मला जास्तच कडक राहावं लागतं, ताई. समजून घ्या."

संधी धाकटीच घेऊन आली. नोव्हेंबरात एका दुपारी ती बाईंच्या खोलीत येऊन लोखंडी खुर्चीवर टेकली. ती इथे क्वचित यायची. भट्ट्यांची तिला भीती वाटे.

"ताई, तुला कळलं का? यांचं नाव संचालकपदासाठी आहे. इथल्याच. निवड समिती येणार, हे भाषण देणार, आणि मग तो... तो प्रयोग करून दाखवणार. चुंबकाचा."

"बरं मग?"

"यांच्याकडचे स्फटिक हाताळून हाताळून झिजले म्हणे. फुटले. तुझ्याकडे त्या वेळचा एखादा असेल तर..." ती थांबली. "मीच म्हटलं, मी मागते. तुमच्या दोघांत ते नावावरून झालं होतं ना. विसरून जा ग आता."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटली तरी काही मागताना धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, लहानपणी गुंडाळायची तसंच.

"आहे एक," बाई म्हणाल्या. "त्याच खेपेतला. देते. पण एका अटीवर. यंत्रात तो मी स्वतः बसवणार, आणि शेवटपर्यंत तिथे उभी राहणार."

धाकटीचे डोळे भरून आले. "आईला किती बरं वाटलं असतं!"

"आईचं नाव नको काढू," बाई पटकन म्हणाल्या आणि कपाटाकडे वळल्या.

जावईबापूंनी अट आनंदाने मान्य केली. "ताईंनाही चार लोकांत उभं राहायला मिळू दे," असं ते म्हणाले, हे धाकटीनेच कौतुकाने कळवलं.

ठरलेल्या सकाळी धाकटी बाईंना घ्यायला आली. नवी साडी, नवी पर्स. बाईंकडे मोठी नोट होती, टॅक्सीवाल्याकडे सुटे नव्हते. "राहू दे ग, मी देते," म्हणून धाकटीने साठ रुपये दिले.

भाषण छान झालं. जावईबापू बोलायला लागले की दगडालाही पटावं. मग निवड समिती, संचालक आणि मागे अर्धी संस्था हेलियमसाहेबांच्या खोलीत आणि बाहेरच्या बोळात दाटीवाटीने उभी राहिली. बाईंनी निळी डबी उघडली, प्लॅस्टिकच्या चिमट्याने स्फटिक उचलला, शीतपेय प्यायच्या नळीत खोचला आणि नळी यंत्रात सोडली. खोली नेहमीसारखी उबदार होती. पडद्यावर रेघ चढली, वळली, उतरली, आणि सापाने अंग वळवावं तसा फास तयार झाला. चुंबकाची खूण. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

"हीच ती गाठ," जावईबापू म्हणाले. "इरिडियममध्ये इलेक्ट्रॉनच्या दोन फिरण्यांची गाठ इतकी पक्की असते की उष्णतेलाही ती सोडवता येत नाही."

"एक विनंती होती," बाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"हा स्फटिक पातळ आम्लात धुऊन पुन्हा मोजावा."

जावईबापूंनी समजूतदार हसू आणलं. "ताई, तो धुतलेलाच आहे. निबंधात छापलंय तसं."

"तेच म्हणते. धुतलेल्याला पुन्हा धुवून काय बिघडणार आहे?"

समितीत एक वयस्कर बाई होत्या, परगावच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काहीच बिघडणार नाही. धुवा."

त्या क्षणी जावईबापूंनी निळ्या झाकणाकडे पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, ते बाईंनी डोळे भरून पाहून घेतलं. अकरा वर्षं त्या याच एका नजरेसाठी थांबल्या होत्या.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "आपण घरी बोलू."

"घरी तुम्ही वीजमंडळाचं बोलला होता."

आम्ल, पाणी, टिपकागद, वाळवण. बोळात कोणी जागचं हललं नाही. स्फटिक पुन्हा नळीत, नळी यंत्रात. पडद्यावर रेघ निघाली आणि सरळ चालत राहिली. फास नाही, वळण नाही, काही नाही. हेलियमसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"आता गार करा," बाई म्हणाल्या.

"हेलियम लागेल..." सवयीने साहेबांच्या तोंडून गेलं. मग त्यांनी मुकाट्याने कळ दाबली. अर्ध्या तासाने, शून्याखाली तेहतीस अंशांच्या जवळ, रेघेने मान वर केली. थोडीशीच, पण ती खरी होती.

"खरं चुंबकत्व हे," बाई म्हणाल्या. "आधीचं माझ्या पात्याचं लोखंड होतं. आई इस्पितळात होती, म्हणून माझं धुवायचं राहिलं. यांना किल्ली मी दिली होती. यांनी डबी उचलली आणि धुतल्याचं छापून टाकलं."

जावईबापू खुर्ची शोधत होते. कोणी पुढे केली नाही. भिंतीचा आधार घेत ते बोळातून गेले, आणि माणसं त्यांना वाट देताना अंग चोरत होती. बाईंना वाटलं होतं त्याहून हे दृश्य गोड होतं. पुढे कितीतरी दिवस त्या ते मनातल्या मनात उलगडून पाहत.

पण परगावच्या बाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

आत्ताच शंका आली, असं बाईंना म्हणता आलं असतं. ते उत्तर सोपं होतं आणि सगळ्यांना पटलंही असतं. पण मग जावईबापू निव्वळ एका अपघाताने पडले असं झालं असतं. ही अकरा वर्षं कुणाची होती, ते जगाला कळायला नको?

"निबंध छापून आला त्या दिवशी," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"हो."

खोलीतली हवा बदलली. आतापर्यंत लोक बाईंकडे वळून उभे होते. आता सगळे खाली फरशीकडे पाहू लागले. हेलियमसाहेब यंत्राला हात टेकून उभे होते.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं मी यांच्या त्या चुंबकावर घालवली. दिसेना म्हणून माझं यंत्र बिघडलंय समजलो. दोनदा खोललं. बायकोच्या ऑपरेशनला रजा नाही घेतली. आणि तुम्ही समोरच्या खोलीत बसून माझ्याबरोबर चहा प्यायचात, बाई."

बाईंच्या योजनेत हेलियमसाहेब कुठेच नव्हते. गंमत हीच की इतक्या वर्षांत त्यांना ते एकदाही आठवले नव्हते.

जावईबापूंचं संचालकपद गेलं, निबंध मागे घेतला गेला, समित्या सुटल्या. बाईंनाही एक पत्र आलं. जाणूनबुजून चुकीची माहिती चालू दिल्याबद्दल ताकीद होती, आणि निरोप समारंभ होणार नसल्याचं कळवलं होतं. बाईंनी ते घडी घालून भट्टीवर ठेवलं. "समारंभात भाषणं ऐकावी लागली असती," त्या म्हणाल्या. पण ऐकायला समोर कोणी नव्हतं. साहेब आता वरच्या मजल्यावर चहा घेत.

धाकटी एकदाच आली. या वेळी ती बसली नाही.

"ते चुकले, मला मान्य आहे. तू त्यांना पाडलंस, तेही समजलं," ती म्हणाली. "पण ताई, एवढी वर्षं दर रविवारी तू माझ्या टेबलावर जेवलीस. मनात हे ठेवून. माझ्या हातचं."

"तुझ्या हातचं जेवले. त्यांच्या नाही."

"मी स्फटिक मागितला, तेव्हाही सांगितलं नाहीस."

"मागायला तूच आलीस."

"हो. मीच आले," धाकटी म्हणाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला तिने हात नेला, अर्ध्यातच सोडून दिला आणि निघून गेली.

बाई खिडकीपाशी गेल्या. ती फाटकापर्यंत चालत गेली, टॅक्सी न थांबवता तशीच पुढे चालत राहिली. पश्चात्ताप झाला का, असं बाईंना पुढे कोणी विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, नाही. आणि ते खरं असतं. पडद्यावरची ती सरळ रेघ आठवली की आजही त्यांचं पोट भरतं.

मार्चअखेर बाई निवृत्त झाल्या. कपाटाची किल्ली कचेरीत जमा केली. निळी डबी धुऊन घरी आणली.

रविवारी त्या घरीच जेवतात.

टॅक्सीचे साठ रुपये धाकटीला द्यायचे राहिले आहेत.